हरिभाऊंचा गोतावळा

पुण्यात १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात दोन घटना घडल्या. एकीचा गवगवा साऱ्या महाराष्ट्रात झाला. दुसरीचे महत्त्व कळावयास काही वर्षे जावी लागली. महिन्याच्या १४ तारखेस पंचहौद मिशनच्या आवारात शहरातील काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानासाठी जमली होती. व्याख्यान आटोपल्यावर चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता ओठांस लावला, कोणी तो तसाच खाली ठेवला. पुढे कैलासवासी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी उपस्थितांची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. रानडे, टिळक, गोखले ही नावे त्या यादीत होती. पेलाभर चहाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि या ना त्या रीतीने प्रायश्चित्ताचा मार्ग भल्याभल्यांना पत्करावा लागला.

त्याच महिन्यात ‘करमणूक’ नावाचे एक साप्ताहिक निघाले. संपादक सव्वीस वर्षांचा होता, पदवी नसलेला, कोणत्याही पक्षाचा पुढारी नसलेला. त्याचे नाव हरि नारायण आपटे. या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागलेल्या कादंबरीत एक मुलगी आपले आयुष्य आपल्याच तोंडाने सांगत होती. ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे त्या कादंबरीचे नाव. यमू हे त्या मुलीचे नाव. लहानपणचा खेळ, आईचा मृत्यू, वडिलांचे दुसरे लग्न, सासर, मुंबईतील थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि शेवटी बळजबरीचे केशवपन, असा तो प्रवास. १८९३ पर्यंत ती पुस्तकरूपाने बाहेर पडली.

तेव्हापासून एक प्रश्न विचारला जात आला आहे. पुरुषाने, तोही त्या काळातील ब्राह्मण पुरुषाने, माजघरातील हे बोल लिहिले कसे? प्रतिभा हे त्याचे उत्तर नेहमीच तयार असते, आणि ते खोटेही नाही. परंतु प्रतिभेलाही ऐकावयास काही लागते. हरिभाऊंच्या भोवतीची माणसे कोण होती, त्यांच्यापैकी कोणी त्यांना काय दिले आणि कोणाचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळत नाही.

हरिभाऊ हे कालगणनेने व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील कादंबरीकार. त्या काळचा कादंबरीकार म्हटला की चार्ल्स डिकन्सचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि दोघांत साम्यही बरेच आहे. डिकन्सनेही साप्ताहिके चालविली. १८५० मध्ये त्याने ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ काढले आणि त्यातून स्वतःच्या व मित्रांच्या कथा-कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने दिल्या. एलिझाबेथ गॅस्केल ही लेखिका त्याच्या साप्ताहिकात लिहीत असे. विल्की कॉलिन्स त्याचा जिवलग, जॉन फॉर्स्टर त्याचा सल्लागार आणि पुढे चरित्रकार. या थोर पुरुषाच्या घरातील कहाणी मात्र सुखाची नव्हती. दहा मुलांची आई झालेल्या कॅथरिनपासून तो १८५८ साली विभक्त झाला. त्याचा मुलगा वॉल्टर हिंदुस्थानात फौजेत होता. तो १८६३ च्या ३१ डिसेंबरला कलकत्त्यात वारला, वय अवघे बावीस. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ८ मार्च १८६४ रोजी, खानदेशातील पारोळे या गावी हरिभाऊंचा जन्म झाला. योगायोगाला अर्थ चिकटविण्याचे कारण नाही; पण इंग्रजी कादंबरी आणि हिंदुस्थान यांची गाठ त्या दिवसांत केवळ पुस्तकांतून पडत नव्हती, एवढे त्यावरून ध्यानात येते.

घराण्यातील ज्या पुरुषाची छाया हरिभाऊंवर सर्वांत अधिक पडली ते त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे. मुंबईच्या हायकोर्टातील ते नामांकित वकील. पैसा त्यांनी भरपूर मिळविला आणि तो खर्च केला तो जुन्या संस्कृत पोथ्यांवर. पुण्यात त्यांनी आनंदाश्रम ही संस्था स्थापिली; हस्तलिखिते गोळा करावी, पंडितांकडून शुद्ध करून घ्यावी आणि छापून प्रसिद्ध करावी, हा तिचा उद्योग. आनंदाश्रम संस्कृत ग्रंथावली १८८८ पासून निघू लागली आणि तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. १८९४ साली चुलते निवर्तले, पण पुतण्याने आनंदाश्रमाची ती जबाबदारी अखेरपर्यंत वाहिली.

यात एक गंमत आहे. ज्या इमारतीत धर्मशास्त्राच्या आणि वेदान्ताच्या पोथ्या तपासल्या जात, तिच्याच व्यवस्थापकाच्या लेखणीतून केशवपनाच्या रूढीचे हिडीस रूप जगापुढे येत होते. या दोन कामांत हरिभाऊंना विसंगती वाटली असेल असे दिसत नाही. उलट आनंदाश्रमाने त्यांना जी गोष्ट दिली ती त्या काळच्या लेखकांत फार थोड्यांना मिळाली. ती म्हणजे पोटापाण्याची निश्चिती. सरकारी कचेरी नाही, बदली नाही, साहेबाची मर्जी नाही. कॉलेजात असताना गणिताने दगा दिला आणि पदवी हुकली, याबद्दल घरच्यांना हळहळ वाटली असेल. मराठी वाङ्मयाने मात्र त्या गणिताचे आभार मानावयास हवेत. पदवी मिळती तर हरिभाऊ बहुधा कोठेतरी मुन्सफ झाले असते.

गुरूंच्या बाबतीत त्यांचे नशीब असाधारण होते. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि हरिभाऊ त्या शाळेत दाखल झाले. आगरकर आणि कोशकार वामन शिवराम आपटे हेही तेथे शिकवीत. पुढे ज्यांच्या नावाने एकेक विचारपंथ ओळखला जावयाचा, ती माणसे एका शाळेत खडू हातात घेऊन उभी होती. १८८२ च्या मार्चमध्ये विष्णुशास्त्री वारले तेव्हा अठरा वर्षांच्या हरिभाऊंनी ‘शिष्यजनविलाप’ ही शोककविता लिहिली. थोड्याच दिवसांनी आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ या नावाने भाषांतर केले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने त्यावर ‘निबंधचंद्रिका’ मासिकात बहात्तर पानांची टीका लिहिली. गुरूच्या निधनावर विलाप आणि गुरूच्या ग्रंथावर बहात्तर पाने! शिष्यांना इतके धारिष्ट येऊ देणारी शाळा होती, हे तिचे श्रेय.

मतांच्या दृष्टीने पाहता हरिभाऊ आगरकरांच्या जवळ गेले; पण आगरकरांचा बाणा त्यांचा नव्हता. आगरकर ‘सुधारक’ पत्रातून सरळ वार करीत. लोकांनी त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. हरिभाऊंनी वाद घालण्याऐवजी गोष्ट सांगितली. ‘आजकालच्या गोष्टी’ असे त्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना म्हटले, आणि त्या साध्या नावाआड ज्या सुधारणा आगरकर मागत होते त्याच मागितल्या. जो वाचक ‘सुधारक’ घरात येऊ देत नसे, त्याच्या घरात ‘करमणूक’ नावाचे निरुपद्रवी साप्ताहिक जाण्यास अडचण नव्हती. ते नाव ठेवण्यात हरिभाऊंनी किती विचार केला होता कोणास ठाऊक. परंतु नाव कामास आले.

प्रारंभी त्यांना स्वतःचा सूर सापडला नव्हता. १८८५ पासून ‘पुणे वैभवा’त आलेली ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी, आणि तिच्यामागे रेनॉल्ड्‌स या इंग्रज लेखकाच्या लंडनविषयक कादंबरीची सावली उघड दिसते. रेनॉल्ड्‌स त्या वेळी हिंदुस्थानात डिकन्सपेक्षाही अधिक वाचला जाई. दारू, जुगार, फसवणूक, रात्रीचे शहर हे त्याचे विषय. हरिभाऊंनी ते पुण्यात आणले. पुणे त्यात दिसते, पण बाहेरून. रस्त्यावरून जाताना बंद दारांच्या फटींतून दिसावे तसे. पाच वर्षांनंतरच्या कादंबरीत ते दार आतून उघडलेले आहे. या पाच वर्षांत काय घडले, हा सगळ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे.

घडले ते असे, की हरिभाऊंचा कानिटकर दांपत्याशी स्नेह जडला. गोविंद वासुदेव कानिटकर हे कवी, न्यायखात्यातील अधिकारी, आणि ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकाचे चालक. जॉन स्टुअर्ट मिलच्या स्त्रीदास्यविषयक ग्रंथाचे त्यांनी ‘स्त्रियांची परवशता’ या नावाने भाषांतर केले. हरिभाऊंची ‘गणपतराव’ ही अपुरी राहिलेली कादंबरी त्यांच्याच मासिकात आली. त्यांच्या पत्नी काशीबाई या हरिभाऊंहून तीन वर्षांनी वडील. सांगलीकडील अष्टे गावच्या बापटांची ही मुलगी, नवव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षरओळख नव्हती. नवऱ्याला शिकलेली बायको हवी होती. घरातील वडीलधाऱ्यांना तिने पुस्तक हातात धरलेलेही खपत नव्हते. मग लपूनछपून शिकणे आले. चोरून वाचावयाचे आणि पाऊल वाजले की पुस्तक दडवावयाचे. अशा रीतीने शिकलेल्या या बाईने १८८९ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. आनंदीबाई दोनच वर्षांपूर्वी, १८८७ च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी गेल्या होत्या. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या मराठी स्त्रीचे चरित्र लिहावे ही गोष्टच नवी, आणि काशीबाईंनी ते मुख्यतः आनंदीबाईंच्या पत्रांच्या आधारे उभे केले.

या चरित्राचे साल आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ चे साल जवळजवळ ठेवून पाहावे. १८८९ मध्ये एका स्त्रीची पत्रे छापून येतात आणि ती स्वतःच्या शब्दांत बोलते. १८९० मध्ये यमू स्वतःच्या शब्दांत बोलू लागते. एकातून दुसरे निघाले असा पुरावा मागणाऱ्यास तो देता येणार नाही. पण हरिभाऊ आणि काशीबाई आपापले लेखन एकमेकांस दाखवीत, त्यावर वाद घालीत आणि एकमेकांस पत्रे लिहीत. ती हरिभाऊंची पत्रे पुढे काशीबाईंनीच प्रसिद्ध केली. नात्यात नसलेली सुशिक्षित स्त्री आणि एक पुरुष यांच्यामध्ये, नवऱ्याच्या संमतीने आणि सहभागाने, असा वाङ्मयीन स्नेह जमावा ही त्या काळच्या पुण्यात फार दुर्मीळ गोष्ट होती. डिकन्सच्या मेजवान्यांना कवी, चित्रकार, नट, वकील असत. तसल्या मंडळीची उणीव पुण्यातही नव्हती. उणीव होती ती माजघरातून ओसरीवर येऊन कादंबरीवर मत देणाऱ्या बाईची. ती हरिभाऊंना लाभली.

तिच्याकडून त्यांनी काय घेतले असेल याची साक्ष यमूची भाषा देते. हरिभाऊ हे ‘निबंधमाले’च्या मुशीतून निघालेले. विष्णुशास्त्र्यांचे वाक्य लांब, डौलदार, संस्कृताच्या अलंकारांनी मढलेले, आणि पूर्णपणे पुरुषी. त्यांच्या शिष्याने यमूच्या तोंडी ती भाषा घातली असती तर कादंबरी पहिल्याच हप्त्यात मेली असती. यमू बोलते ती जाऊ-नणंदांची, आत्याबाईंची, हौदावर धुणे धुताना चालावी तशी भाषा. ती मध्येच थांबते, विषय सोडून जाते, पुन्हा मागे येते, स्वतःलाच टोचून घेते. वाचणारास वाटते की कोणी समोर बसून सांगत आहे आणि सांगता सांगता हातातले निवडण निवडत आहे. शंकर मामंजींसारखा दांभिक म्हातारा या भाषेत जितका भयंकर वाटतो तितका तो कोणत्याही निबंधात वाटला नसता; कारण येथे त्याच्याविषयी मत मांडलेले नाही, त्याच्या खाकरण्याची धास्ती सांगितलेली आहे. हरिभाऊंचा सगळ्यांत मोठा पराक्रम कोणता असे विचारल्यास तो हाच. ऐतिहासिक कादंबऱ्यांतील गड आणि घोडदौडी यांपेक्षा तो मोठा आहे.

बाहेर याच विषयावर रणे माजली होती. १८८९ च्या मार्चमध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला; टिळक एका बाजूस आणि आगरकर दुसऱ्या बाजूस, म्हणजे हरिभाऊंचे दोन गुरू समोरासमोर. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी पुनर्विवाह केला. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी मात्र १८७३ साली, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, विधवेशी विवाह न करता अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. ती मुलगी म्हणजे रमाबाई रानडे. त्या पुढे काय झाल्या हे सर्वश्रुत आहे; परंतु सुधारकांच्या घरांत बोलणे आणि करणे यांमधील अंतर किती होते, आणि त्या अंतरात कोण बसत असे, हे या लग्नावरून कळते. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील सुधारक पुरुष बहुधा असेच आहेत. मनाने चांगले, बोलण्यात गोड आणि वडिलांपुढे दुबळे. ही माणसे त्यांना कल्पनेने निर्माण करावी लागली नाहीत. ती रोज भेटत होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. हा गोतावळा लहान होता आणि तो एका जातीचा होता. हरिभाऊंच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यातच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या ब्राह्मण विधवांना तेथे आसरा मिळे. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे जळजळीत पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध केले. आणि ज्या १८९० साली ‘करमणूक’ निघाले त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरविणार नाही असे ठरविले. यमूचे डोके ज्या हाताने भादरले जावयाचे तो हातच ‘नाही’ म्हणत होता! कादंबरीकाराला याहून मोठा प्रसंग कोणता मिळणार? पण हरिभाऊंच्या कादंबरीत तो हात बोलत नाही. सत्यशोधकांचे जग आणि शनिवार-बुधवार पेठांचे जग एकाच शहरात असूनही एकमेकांच्या ओसरीवर जात नव्हते. हा दोष एकट्या हरिभाऊंचा नव्हे. परंतु यमूच्या दुःखाने डोळे पुसणाऱ्या वाचकाने हेही जाणले पाहिजे की ज्या समाजांत पाट लावण्याची चाल होती, तेथील स्त्रीची दुःखे वेगळी होती आणि ती सांगणारी कादंबरी लिहिली जाण्यास अजून बराच अवकाश होता.

गोमंतकातील वाचकाला हा पुण्याचा प्रपंच परका वाटण्याचे कारण नाही. तेरेखोल नदीच्या उत्तरेस व्हिक्टोरिया राणीचा अंमल होता. अलीकडे पेडणे, आणि त्याच्या दक्षिणेस डिचोली, हे महाल पोर्तुगालच्या राजाच्या सत्तेखाली होते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ते सावंतवाडीकर भोसल्यांचे होते, आणि सत्ता बदलली तरी दैवते, पुराणिक, पंचांग आणि सोयरिकी नदी ओलांडून येत-जात राहिल्या. घरात बोलणे कोकणी, देवापुढे पोथी मराठी. तेव्हा पुण्याच्या मराठी पुस्तकातील विधवा पेडण्याच्या घरातही ओळखू येत होती. तिच्यासाठी निराळा शब्दकोश लागत नव्हता.

फरक होता तो कायद्यात. विधवाविवाहास मान्यता देणारा १८५६ चा इंग्रजी कायदा नदीच्या अलीकडे लागू नव्हता. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्यात लागू झाली खरी, पण हिंदूंच्या चालीरीती राखून ठेवण्यासाठी १६ डिसेंबर १८८० रोजी स्वतंत्र हुकूमनामा निघाला. त्यात, पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच न झाले अथवा तिसाव्या वर्षापर्यंत मुलगा न झाला, तर पतीला काही अटींवर दुसरी पत्नी करण्याची मुभा होती. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते हेच वर्ष. नदीच्या दोन्ही बाजूंच्या माजघरांत एकच ओवी चालली असेल. परंतु पलीकडे त्या माजघराविषयी वर्तमानपत्रांत खडाजंगी चालली होती, आणि अलीकडे जुनी चाल सरकारी कागदावर मोहोर घेऊन बसली होती.

गोमंतकास स्वतःचा कादंबरीकार तर हरिभाऊंच्याही आधी लाभला होता. नावेलीचे डॉ. फ्रान्सिस्कु लुईश गोमिश, जन्म १८२९, पोर्तुगालच्या संसदेतील गोव्याचे प्रतिनिधी. त्यांची ‘ब्राह्मण’ या अर्थाच्या नावाची पोर्तुगीज कादंबरी १८६६ मध्ये लिस्बनला छापली गेली. तीत अयोध्या प्रांत आहे, १८५७ चा उठाव आहे, आणि जातिभेदावर व परकीय सत्तेच्या मदावर प्रहार आहे. गोमिश यांचा गोतावळा फार मोठा. लिस्बनचे मुत्सद्दी, अर्थशास्त्रज्ञ, आणि ज्याच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला तो फ्रेंच कवी लामार्तिन. १८६९ साली स्वदेशी परतत असता ते समुद्रावरच वारले, वय चाळीस. हरिभाऊंच्या तुलनेने त्यांची दृष्टी विस्तीर्ण होती यात शंका नाही. पण त्यांचे पुस्तक ज्या भाषेत होते ती भाषा डिचोलीच्या बाईला येत नव्हती, आणि त्या पुस्तकातही ती बाई नव्हती. लामार्तिनपर्यंत पोहोचलेला आवाज साखळीपर्यंत पोहोचला नाही.

हरिभाऊंचा पोहोचला तो मासिके आणि पुस्तके यांच्या वाटेने. या वाटेवरील एक महत्त्वाचा माणूस पेडण्याच्या शेजारचाच. तेरेखोलपलीकडच्या आजगावचे काशीनाथ रघुनाथ आजगावकर. बंगाली वाङ्मयाच्या प्रेमापायी त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले. १८९५ मध्ये त्यांनी ‘मनोरंजन’ मासिक काढले आणि १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक. कानिटकरांचे ‘मनोरंजन’ वेगळे, मित्रांचे वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते म्हणून हे सांगणे भाग आहे. मित्रांच्या मासिकाने स्त्रीवाचकांचा जो वर्ग जोपासला, त्याची मशागत ‘करमणुकी’ने पाच वर्षे आधीच सुरू केली होती. ‘उषःकाल’सारखी शिवकालावरील कादंबरी १८९५ पासून येऊ लागली, तेव्हा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचे मंदिर शिवछत्रपतींनी १६६८ साली नव्याने उभारले हे परंपरेने जाणणाऱ्या डिचोलीकरास ती आपल्या गावची कथा वाटावी यात नवल नाही.

उत्तरायुष्यात हरिभाऊंचा गोतावळा वाढला. गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे घनिष्ठ मित्र. ‘मी’ या कादंबरीतील भावानंद संसार टाकून समाजकार्यास वाहून घेतो. ती कादंबरी १८९३ ते ९५ ची, आणि गोखल्यांची भारत सेवक समाज ही संस्था १९०५ ची. मित्रांमध्ये कल्पनांची देवघेव कोणत्या दिशेने झाली हे ठरविण्याच्या भरीस पडू नये; दोघे एकाच गोष्टीचा विचार करीत होते एवढे पुरे. केशवसुत १९०५ मध्ये अकाली गेले. त्यांच्या कविता इकडेतिकडे विखुरलेल्या होत्या. त्या एकत्र करून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या त्या हरिभाऊंनी. नव्या मराठी कवितेचा पाया या एका स्नेह्याच्या कष्टाळूपणामुळे हाती राहिला, ही त्यांची कामगिरी कादंबऱ्यांच्या गर्दीत विसरली जाते. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठातील विल्सन व्याख्याने, पुण्याच्या नगरपालिकेतील कामकाज, हे सर्व यथाक्रम झाले. ‘करमणूक’ १९१७ पर्यंत चालले. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर आला असता, हरिभाऊ गेले.

गोविंदराव कानिटकर आदल्याच वर्षी निवर्तले होते. काशीबाई त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगल्या. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ मध्ये बाहेर आली. तीत एका संस्थानाचा राजा बुद्धीने अधू असतो आणि त्याची राणी राज्य हाती घेऊन तेथे स्त्रियांचा कारभार उभा करते. यमू जे सोसून गेली, त्याला काशीबाईंनी दिलेला हा जबाब म्हणता येईल. हरिभाऊंनी तो वाचावयास हवा होता. १९४८ मध्ये काशीबाई वारल्या. नंतर कितीतरी दिवस वाङ्मयाच्या इतिहासात त्यांची ओळख हरिभाऊंच्या स्नेही एवढीच राहिली. सरोजिनी वैद्य यांनी १९८० च्या सुमारास त्यांचे आत्मचरित्र संपादून चरित्रासह पुढे आणले. पुढे २००८ मध्ये त्यांच्यावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो मीरा कोसंबी यांनी. मीराबाईंचे आजोबा धर्मानंद कोसंबी हे गोव्यातील सांखवाळचे.